शून्य, शून्य

अशोक चौकात, मागांच्या शेडवरच्या गच्चीवर
रात्री साडेदहाला पहिल्यांदा नकाशा उघडला
तर आमचा फुगा समुद्रात.
अक्षांश शून्य, रेखांश शून्य.
आफ्रिकेच्या पोटाशी, निळ्याशार पाण्यात,
आणि त्याची पेटी मात्र इथे, माझ्या गुडघ्याशी,
पत्र्याच्या छपराखाली, स्टुलावर,
थर्माकोलची, एका बाजूने चिकटपट्टी सुटलेली.

गुरुलिंग म्हणाला, अजून उपग्रह दिसले नाहीत त्याला.
आपण कुठे आहोत ते कळेना की
यंत्र शून्य सांगतं.
माणसं काहीतरी ठोकून देतात.

मग एकेक रकाना भरत बसलो.
हाक मारायचं नाव. पोर्ट. लहरीचा आकडा.
वेळ ग्रीनिचची, म्हणजे आमच्याकडे उजाडलं तरी
लॅपटॉपसाठी कालचीच रात्र.
उंची मीटरमध्ये की फुटांत,
यावर चहा गार झाला.
अठरा किलोमीटरच्या वर जीपीएस मुकं होतं म्हणे
आधी 'उड्डाण' निवडलं नसेल तर.
तो पर्याय तिसऱ्या पानाच्या तळाशी,
लग्नपत्रिकेत रुसणाऱ्या मामांचं नाव असतं तसा.

खाली माग चालू. खटखटीनं स्क्रीनवरचा बाणसुद्धा थरथरे.
अंदाजाची रेघ पूर्वेला जात होती,
अक्कलकोटावरून, सीमा न विचारता,
आळंदजवळ कुणाच्या तरी तुरीत उतरत होती.
गुरुलिंगची मावशी तिथली. तिला फोन झाला.
पेटीवर तीन भाषांत लिहिलं:
बॉम्ब नाही. कॉलेजचा प्रयोग आहे.
सापडल्यास दोनशे रुपये.

दोनला नान्ना वर आले, केसांत कापसाची पिंजण,
वाकून रेघ बघितली.
"एवढा बारीक धागा. तुटला तर?"
"शेवटचा ठिपका जिथे, तिथून शोधायचं."
"मग आमच्यासारखंच.
टोक सापडलं तर गाठ,
नाही तर चादरीत रेघ राहते."

बसायला जागा हवी म्हणून त्यांनी
स्टुलावरची पेटी उचलली, बाहेर कठड्यावर ठेवली
आणि तंबाखूची डबी काढली.

चुना मळून होईपर्यंत आकडे हलले.
सतरा पूर्णांक सहासष्ट. पंचाहत्तर पूर्णांक ब्याण्णव.
उंची चारशे एकाहत्तर.
गुरुलिंग ओरडला, खाली कुत्री भुंकली.

नकाशानं मात्र त्याचं काम केलं होतं:
त्या समुद्रापासून आमच्या कठड्यापर्यंत
एक सरळ लाल रेघ,
वेग ताशी तीन कोटी किलोमीटर.

ती पुसायचं बटण आहे.
गुरुलिंगनं दाखवलंही मला.
नान्नांनी विचारलं, "हा एवढा लांबून आला?"

मी म्हटलं, हो.