पाव फेरा

प्रतापनगरच्या शेडमागे, निंबाखाली,
रुळाच्या दोन तुकड्यांवर त्याला उभं केलंय.
पुढे रूळ नाही, मागेही नाही.
तरी चाकांना लाकडी पाचरी ठोकल्यात,
पळून जाईल म्हणून की काय.

रंगाचं टेंडर निघालं, रंगारी आले,
निळा मारला. खरा निळा हा नव्हता.
तो जरा करडा होता, डभोईच्या धुळीत मुरलेला.
मी सांगितलं. साहेब म्हणाले, शिर्के, कोण बघतंय.
डाव्या अंगाला खोक होती,
चांदोदच्या फाटकात कापसाचा ट्रॅक्टर आडवा आला
त्या रात्रीची. तीही पुट्टीनं बुजवली.

फलकावर वजन, अश्वशक्ती, बनावटीचं साल.
हे कुठे लिहिलंय, की थंडीत ते
तिसऱ्या खेपेलाच धरायचं,
आणि दुसऱ्या खेपेनंतर शनाभाई डायवर
त्याला गुजरातीत शिव्या द्यायचे, मला मराठीत.
की मियागामच्या पुढे बायका
डोक्यावरचे हारे न उतरवता चालत्या गाडीत चढायच्या,
गार्डाला तिकिटाऐवजी वांगी.
वेग एवढाच.

बॅटऱ्या नेल्या. टाकी उपसली.
हॉर्न कुणीतरी भंगारात विकला.
कुणी, ते मला ठाऊक आहे,
पण त्याच्या मुलीचं लग्न होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येतो.
बायकोला सांगतो, बँकेत जातो.
ती रविवार आहे असं म्हणत नाही.
सोलंकी वॉचमन पाठ करून बिडी ओढतो तेवढ्यात
बाजूचं दार उघडायचं,
पदरच्या पैशाचं पाव लिटर तेल वरून सोडायचं,
फ्लायव्हीलच्या दात्यात पहार अडकवायची
आणि सगळं अंग टाकायचं.
पाव फेरा. जास्त होत नाही, खांदा निखळतो.
आत पिस्टन हलतात,
ओल्या चपलेनं कुणी जिना चढावा तसा आवाज.
रिंगा धरून बसल्या तर संपलं.
मग तो नुसता निळा पत्रा.

चार महिन्यांत एक फेरा, वर्षाला तीन.
मिनिटाला हजारावर मारणाऱ्याला.
रिटायर झाल्यापासून अठरा भरले,
खडूची खूण सांगते.

आज एक पोरगा आत वाकला.
गुडघ्याला माती, हातात पतंगाची फिरकी.
काका, आ चालू थाय छे?
ना रे, म्हटलं.
तो तम्‌ शुं करो छो?

ह्याला उत्तर माझ्याकडे ना मराठीत होतं, ना गुजरातीत.
म्हटलं, फिरकी ठेव. पकड.
त्यानं थुंकून तळवे चोळले, थेट शनाभाईंसारखे,
आणि लोंबकळला पहारेला.

खूण ओलांडून गेलं.
खडू शोधायला खिसा चाचपला,
तर हात तेलाचे,
आणि पोरगा म्हणतोय, हजी एक वार, काका.