चौदा पावलं

"एकच हवी," ती म्हणाली, "सगळ्याला पुरेल अशी."
छत्रीचं पाणी ठिबकत होतं
गळांच्या डब्यांवर, कुत्र्यांच्या बिस्किटांच्या पोत्यावर.
सगळ्याला म्हणजे कशाकशाला, मिसेस प्रोबर्ट?
"रिकाम्या डब्यांना. कागदाला.
आणि एक जुनी घंटा आहे, तिला."

बुधवार. बाजाराचा दिवस. वेल्समधलं एवढंसं गाव,
दारापाशी मेंढ्यांचे ट्रक गुरगुरत उभे.
एकतीस वर्षं बसतोय या काउंटरमागे.
सगळ्याला पुरेल अशी वस्तू मी एकच विकली आजवर,
दोरी.
बाकी सगळं एक ना धड, भाराभर चिंध्या.

तरी काढल्या. तीन, ओळीनं.

ही बघा, हिच्या पोटात हवा भरून ठेवायची.
धक्का नाही, आवाज बेताचा,
पण पंप मारता मारता जीव मेटाकुटीला,
आणि किंमत...
तिनं चिठ्ठी हलकेच उलटी ठेवली,
ढोरांच्या डॉक्टरचं बिल ठेवावं तशी.

ही गॅसच्या कुप्यांवरची. उन्हाळ्यात गुणी बाळ.
थंडीत सुस्तावते, आणि इथली थंडी
सप्टेंबरात येते,
मे महिन्यात निघायची नुसती भाषा करते.

ही साधी. नळी मोडायची, स्प्रिंग ताणली जाते.
"मोडायची?"
मोडत नाही, वाकते. गुडघ्यासारखी.
"माझे गुडघे पाहिलेत का तुम्ही?"
तिनं जोर लावला. अर्ध्यावर आली नळी.
पुन्हा, दोन्ही हातांनी, कमरेला टेकवून,
जीभ दातांत धरून.
नाही.

मी विषय बदलला. छर्रा साडेचारचा की साडेपाचचा?
साडेचार सरळ जातो. साडेपाच जड, कमान घेतो थोडी,
उंदीर, ससा, कावळा असेल तर...
"कुणाला मारायचं नाहीये," ती इतकी चटकन म्हणाली
की साडेपाचचा डबा माझ्याच हातून खाली ठेवला गेला.

परसू केवढं तुमचं?
ती भिंतीला पाठ लावून चालू लागली, मोजत.
अकरा पावलांत दुकान संपलं.
दार उघडून ती बाहेर,
बारा, तेरा, पावसात,
एक ट्रक करकचून थांबला,
चौदा.
तिथून वळून तिनं एक डोळा मिटला
आणि माझ्याकडे पाहिलं.
रिकाम्या डब्याला कसं वाटत असेल, ते तेव्हा कळलं.

मग मी मागून चौथी आणली.
कुणा पोरानं कॉलेजात जाताना विकायला ठेवलेली,
दस्त्यावर चाकूनं कोरलेलं आर. टी.,
स्प्रिंग म्हातारी, ताकद निम्मी.
कॅटलॉगवाले नाक मुरडतील.
चौदा पावलांना पुष्कळ.
नळी वाकली. खट्.
ती हसली नाही, पण छत्री मिटली तिनं,
जी मघापासून दुकानात उघडीच होती.

घट्ट आवळू नका, सांगितलं.
ही जात दोनदा उसळते, पुढे नि मागे,
आवळली की बिथरते.
तळहातावर नुसती ठेवायची, पिठाचा गोळा ठेवतो तशी.
आणि घंटेवरून छर्रा उलटा येऊ शकतो.
चष्मा लावा. मागे जाड घोंगडी टांगा.
कसली घंटा म्हणालात?

"सासूबाईंची," पैसे मोजत ती म्हणाली.
"अकरा वर्षं वरच्या खोलीतून वाजायची.
चहाला. उशीला. खिडकी उघडायला, खिडकी लावायला.
फेब्रुवारीत थांबली."
सुटे पेनी तिनं एकावर एक रचले.
"सफरचंदाच्या झाडाला टांगलीय.
वाजली पाहिजे. पण मी म्हणेन तेव्हा."

पुढच्या बुधवारी आली, अंगठ्याला पट्टी.
पाचशे छर्रे संपले होते.
किती लागले?
"दोन."
मग काउंटरवर वाकून, हळू आवाजात,
"पहिल्याला मी उठून उभी राहिले हो, इडवाल.
जिन्यापर्यंत गेले."
मी साडेचारचा नवा डबा पुढे सरकवला.
तिनं दोन मागितले.