पाणकीण

दोन नोव्हेंबरच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे
आम्ही दफनभूमीच्या गडग्यावरून आत उतरायचो.
हातात जुने चमचे
आणि कायतान ब्रिटोचा बिस्किटांचा डबा.
जांभ्यावर रात्रभर ओघळलेलं मेण
दवानं कडक झालेलं असायचं,
चमचा लावला की खपलीसारखं निघायचं.
बहुतेक पांढरं. सुझान मावशीच्या कबरीवर तेवढं गुलाबी,
दरवर्षी गुलाबी,
का ते कुणी सांगितलं नाही.

मेलेल्यांच्या त्या मेणावर
मी वर्गसमीकरणं शिकले.
वेंगुर्ल्यात तेव्हा दिवे तिन्हीसांजेला जायचे
आणि जेवून, भांडी घासून झाली
तरी यायचे नाहीत.

कायतान डबा गरम पाण्यात ठेवायचा.
मुंग्या, सुरूच्या सुया, झेंडूची पाकळी,
सगळं गाळायचा बायकोच्या जुन्या परकरातून.
मग दोऱ्याची वेणी घालायचा, तीन पदरी,
एक पदर मुद्दाम ताणलेला.
"सरळ वात येडी गो.
ज्योतीच्या मधीच उभी रवता, वाढता, काजळता.
वाकडी शानी. वाकान भायर येता
आणि आपली आपण राख होता."

मी म्हटलं, वातच जळते तर मेण कशाला?
"वात जळणा नाय. वात पाणकीण.
खालच्या तळयातसून भरता, वर नेता.
जळता ता येगळाच."
आणि फुंकर मारली त्यानं.
पांढुरका धुराचा दोरा वर चढला.
त्यानं पेटती काडी वातीला लावली नाही,
दोन बोटं वर, धुराला लावली.
आग धुरावरून खाली आली,
माडावरून भंडारी उतरावा तशी सरसर,
आणि वातीवर बसली.

त्या रात्री समीकरण सुटलं नाही.

आता मी नववी ब ला ज्वलन शिकवते.
फळ्यावर ज्योत काढते: तळाशी निळा खडू,
मधे काहीच नाही,
तिथं वाफ आहे मेणाची, अजून न पेटलेली.
भोवती पिवळा. पिवळा म्हणजे काजळी,
तापून उजळलेली.
उजेड देते ती काजळीच,
चमचा आडवा धरा, रंगेहाथ सापडेल.
मुलं "रंगेहाथ"ला हसतात.

बंदरावरून वारा आला की ज्योत झुकते,
वाटीचा काठ एका बाजूनं खचतो, तळं फुटतं.
वारा पडलेला असला
तर चहूकडून वर चढणारी हवाच
काठ थंड ठेवते, म्हणून वाटी टिकते.
हे कायताननं सांगितलं नव्हतं.
त्याला ठाऊक नसेल,
किंवा मी विचारलं नसेल.
आता विचारायला तो गडग्याच्या आत आहे.

"बाई, पण मेण जातं कुठं?"
तन्झिला सोलकर. तिसरा बाक. वही उघडलेलीसुद्धा नाही.

मी कोरडा ग्लास उपडा धरला ज्योतीवर.
आत धुकं. तिला बोट फिरवायला लावलं.
"ओलं आहे."
आगीतून आलंय ते.
मग त्याच ग्लासात चुन्याची निवळी घालून ढवळली,
निवळीचं दूध झालं.

चुना शिंपल्यांचा, खाडीतल्या,
भट्टीत भाजलेल्या.
भाजताना त्यांच्यातून जे उडून गेलं
तेच या मेणबत्तीनं परत आणून दिलं.
उद्या तळाशी पांढरा गाळ बसेल,
तो शिंपलाच, पीठ झालेला.

तन्झिलानं ग्लास खिडकीकडे धरला, बराच वेळ.
"म्हणजे मेण संपलं नाही?"

मेण संपलं, मी म्हटलं.
बाकीचं नाही.

घंटा झाली. कुणीतरी फुंकर मारली,
लगेच चार हात धुराकडे, चार काड्या,
आणि एकाचीही आग उतरेना.
टेबलावरचं खरवडून ठेवा, मी ओरडले,
फेकू नका. डबा खालच्या फळीवर आहे.
झाकणावरचं चित्र पुसून गेलंय,
झाकण बसतं अजून.