स्थिती : साधारण

पुण्याचा संग्राहक फोनवर म्हणाला,
बॅगेवर डाग आहे, ताई, किंमत निम्मी होईल.
मी म्हटलं, हळदीचा आहे.
तो म्हणाला, कशाचाही असो.

अण्णा गणपती पेठेत दलालाकडे दिवाणजी.
पगार पंचावन्न.
मालक जेवायला गेले की पेढीच्या छापील कागदावर
मुंबई, लंडन, झुरिकला पत्रं घालायचे :
'आमचे गृहस्थ लवकरच विलायतेस निघत आहेत,
तरी विमानांचे वेळापत्रक धाडावे.'
आणि ते यायचं!
गुळगुळीत कागद, ट्रे घेऊन हसणारी बाई,
पंखाखाली कैरोचे पिरॅमिड,
सौद्याला लावलेल्या ढिगांसारखे.
डिंकाची लेबलं अण्णांनी
आमच्या पत्र्याच्या ट्रंकेवर डकवली.
ती ट्रंक आयुष्यात एकदाच हलली,
माळ्यावरून खाली, माझ्या लग्नात.

चौपन्न सालच्या चैत्रात
मिरजेला एक टायवाला उतरला,
टांगा करून थेट पेढीवर.
'मिस्टर बी. ए. चौगुले? फॉरिन ट्रॅव्हल?'
मिस्टर चौगुले पोत्यावर बसलेले, कानाला पेन्सिल.
मालक बघतायत.

'चला, आधी माल दाखवतो,' अण्णा म्हणाले
आणि त्याला हरिपूरला घेऊन गेले.
पेवाचं तोंड सकाळीच फोडलेलं.
दोरीनं कंदील खाली सोडला.
विझला नाही, म्हणजे हवा आहे.
'किती खोल?'
'वीस फूट.'
'आम्ही वीस हजार वर जातो,' असं म्हणून
तो बूट काढून उतरला की आत!

वर आला तो नवरदेव.
टाय पिवळा, पापण्या पिवळ्या,
घड्याळाची काचसुद्धा.
तिथंच, चिंचेखाली, अण्णांनी खरं काय ते सांगितलं.
तो बराच वेळ शिंकत राहिला.
मग म्हणाला,
'तिकिटं विकतो मी. बसलो नाही अजून.'
आणि बॅगेतले फॉर्म काखेत धरून
रिकामी बॅग अण्णांच्या हातात दिली,
पिवळ्या बोटांनी.

मालकांनी कागदांचे सव्वादोन रुपये पगारातून कापले.
ते अण्णांनी रोजकीर्दीत स्वतःच लिहिले,
'प्रवासखर्च' या सदरात.

बॅगेत तीस वर्षं भाकरी गेली, चष्मा गेला,
पुढं पुढं इन्सुलिन.
कंपनीच्या नावातली अर्धी अक्षरं गळाली.
कंपनी तर केव्हाच बुडाली म्हणे.

संग्राहक अजून फोनवरच होता.
मी म्हटलं, लेबलं न्या, ट्रंकेसकट न्या,
भाव तुम्हीच करा.
बॅगेचं राहू द्या.
उद्या शनिवार, बाजार आहे.