लाइट गेल्यावर

"मारा सेल."
घर्र, घर्र, घर्र. पेटेना.
ब्याऐंशीची पद्मिनी,
तासगावच्या बाजारातून तिघांनी ढकलत आणलेली.

बाबालाल मिस्त्रीनं पंपाची नळी बाटलीत धरली,
पेट्रोल पिचकारीसारखं आलं.
"उपाशी नाय."
प्लग काढून बॉडीला टेकवला. "मारा."
ठिणगी आली, पिवळट, एक आड एक.
पॉइंट घासले. कंडेन्सर बदलला.
घर्र, घर्र. आता बॅटरीही जड बोलू लागली.

मी म्हणालो, भंगारात देतो.
त्यानं ऐकलंच नाही, चिंधीला हात पुसत राहिला.

तेवढ्यात लाइट गेली. सगळी गल्ली काळी.
मी बोर्डाला शिवी हासडली.
"थांबा की. बरं झालं. आता मारा."

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरून
केसाएवढी निळी रेघ
सरपटत गेली, विझली, परत गेली.
दीड तास बल्बखाली आम्ही
तिच्याकडेच बघत होतो.

"तडा हाय. नवी टोपी सोमवारी, कोल्हापुरातनं."
मग आत हाक दिली.
नात नेलपॉलिश घेऊन आली, गुलाबी,
आणि बाटली परत हवी म्हणून तिथंच उभी राहिली.

त्या सोमवाराला दोन दिवाळ्या झाल्या.
टोपी तीच आहे.