मावतं, पण

खलफानने फडकं सोडलं टेबलावर.
आत आजोबांचं रिव्हॉल्वर, लोबानाच्या वासाचं,
आणि काडतुसांचा कोराकरकरीत डबा.
"बघ, मावतंय."
चकतीत खोवलेली सहाच्या सहा एकदम आत गेली,
जशी काही तिथलीच.

मी ती बाहेर काढली.
चक्राची पाठ भिंगाखाली धरली.
कानस फिरवलीय इथे कुणीतरी, फार पूर्वी,
नव्या काडतुसाला जागा व्हावी म्हणून.
कारखान्याचा जुना छाप अर्धा खाल्लाय.
निझव्यात शुक्रवारी बकऱ्या विकून झाल्या
की असली हत्यारं हातोहात फिरतात,
कोण कुठली कानस, कुणाला विचारणार?

वरणगावच्या फॅक्टरीत तायडे मास्तर म्हणायचे,
मावणं वेगळं, सोसणं वेगळं.
पितळ भोळं असतं, झालं ते सांगून टाकतं:
टोपी चपटी होते, कवच घरात चिकटून बसतं.
पोलाद मोजत राहतं नुसतं.
हे सांगताना त्यांचा डावा हात
कायम खिशात.

"किती बार झेलेल?"
शंभर. दहा.
किंवा हा पहिलाच.
जुन्या, मवाळ दारूसाठी घडवलंय हे, खलफान.
दिसायला दणकट आहे, पण इथे बघ, खाचेपाशी,
भिंत माझ्या नखाएवढी.
ह्या डब्यातला दाब तिच्या हिशेबातच नव्हता.

"आजोबांनी तर लग्नालग्नांत उडवलंय!"
उडवलं असेल.
"जुनी काडतुसं आता मिळत नाहीत.
मग काय, मुकंच ठेवू?"
मी काहवा ओतला. त्याने एक खजूर उचलला,
बराच वेळ बी चोखत बसला,
मग डबा खिशात घातला
आणि रिव्हॉल्वर माझ्याकडेच ठेवून गेला.
(डबा ठेवायला हवा होता. हे नंतर सुचलं.)

रात्री खोलीवर आलो तर सहावी कॉट.
सुपरवायझर दारात, टेप गुंडाळत:
"मावली की नाही?"
मावली होती. दार तेवढं अर्धंच उघडत होतं.
सिन्नरचा नवा पोरगा मांडीवर बॅग घेऊन बसलेला,
पाय कुठे सोडावेत ते न कळून.
त्याला माझ्या खिळ्यावर शर्ट अडकवायला सांगितला.

दिवा गेल्यावर
पत्र्याच्या भिंतीला नख लावून पाहिलं.
अजून तापलेली होती.