म्हैसमाळ, खोली नंबर चार

रेस्टहाऊसच्या गादीतल्या धुळीनं ह्यांना दम लागला.
खुलताबादच्या डॉक्टरनं बारक्या पांढऱ्या गोळ्या दिल्या:
पाच दिवस, सकाळी, काहीतरी खाऊन.
ह्यांनी रात्रीच घेतली. वर अर्धा पेरू.

दीडला जाग आली तर हे कॉटवर मांडी घालून,
डोळे लख्ख, कानाच्या पाळ्या लालबुंद,
आणि बोलतायत.

एकतीस वर्षं पूर्णा जंक्शनच्या पार्सल ऑफिसात
आणि घरी
'हं' आणि 'वाढ' एवढ्यावर काढलेला माणूस.

म्हणाले, तुला बघायला आलो
तेव्हा मान वर करायची छाती झाली नाही.
पायाचा अंगठा दिसला फक्त,
त्याला चुना लागलेला.
तेवढ्यावर होकार दिला.

म्हणाले, अकोल्याची बढती मी सोडली.
तुला सांगितलं, मिळालीच नाही.
तुझी बालवाडी होती ना.

खिडकीत टॉवरचा लाल दिवा
लागायचा, विझायचा.
मी म्हटलं, झोपा आता.
"झोप कुठंय, प्रयाग?"

प्रयाग.
आजवर नुसतं 'अगं' होतं.

सकाळी डॉक्टरला फोन लावला.
"त्या गोळीनं होतं कुणाकुणाला असं.
रात्री घेऊ नका म्हटलं होतं की.
कोर्स संपला की जाईल आपोआप."
मी बरं म्हटलं.

पाकीट माझ्याच पर्समध्ये.
चहा निवला तरी मी चेन उघडली नाही.
छातीची घरघर थांबली होती तशी.
ह्यांनी हात पुढं केला: गोळी?

म्हटलं, आता राहू द्या.
रात्री देते.